काकूंच्या चित्राला हार

जिवंत माणसांचं काय करायचं, हे आमच्या बडोद्यातल्या मराठी मंडळाला कधीच कळलं नाही. मेलेल्यांचं मात्र फार छान करतात. आमचे थोर कवी गेल्यापासून दर वर्षी पुण्यतिथी, भाषणं आणि वर श्रीखंड-पुरी. यंदा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कवींच्या चित्राशेजारी त्यांच्या पत्नीचंही चित्र लावावं. मी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

काकू, म्हणजे कवींच्या पत्नी, इथेच बडोद्यात हरणी भागात एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "हे बघ, जन्मभर कवींची बायको होते, आता कवींची विधवा. एकदा तरी नुसती मी काढ. आणि जिवंत काढ हो." मी जाड चष्मा कोरला, कपाळावरची आठी कोरली, कुणालाही न जुमानणारी ती हनुवटी कोरली. छाप त्यांनी कितीतरी वेळ निरखला. "हां. ही मी," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं.

अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. "जरा सात्त्विक करा ना, बेन. नजर खाली, हात जोडलेले." मी म्हटलं, तांब्यातली रेघ खोडरबरानं जात नाही. "चालशे, चालेल असंच," म्हणाले, जणू माझ्यावर उपकारच.

समारंभाला निजामपुऱ्यातला हॉल भरला होता. पडदा सरकला. अध्यक्षांनी कवींच्या चित्राला चंदनाचा हार घातला, आणि दुसरा काकूंच्या चित्राला. चित्रं दोन, म्हणून हारही दोन आणलेले! वर उदबत्ती ओवाळली. काकू पहिल्या रांगेत बसलेल्या. हार गेलेल्या माणसाच्या चित्राला घालतात, हे तिथल्या एकाही विद्वानाच्या लक्षात आलं नाही. उलट टाळ्या. दोघंतिघं तर हात जोडून उभे राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकू उठल्या. काठी टेकत मंचावर गेल्या, आपल्या चित्रावरचा हार काढला आणि अध्यक्षांकडे वळल्या. सत्कारांना सरावलेली अध्यक्षांची मान आपोआप खाली झुकली. काकूंनी हार त्यांच्या गळ्यात घातला.

"मी अजून आहे," त्या माइकवर म्हणाल्या. "तुमचं तुम्ही बघा."

त्यावरही टाळ्या पडल्या.