चंद्री बॉल बाहेर मारत नाय

बस. जवल्यावर नको, त्या उपड्या टोपलीवर बस. आन् आदीच सांगते, मी आता जे बोलनार हाय त्यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव! नाय जमनार तुला. माझ्या नवऱ्याला पन नाय जमला. मी लग्नाला हो बोलली, ते पन त्याला मस्करीच वाटली होती.

आता किस्से म्हंजे जवल्याचा उलटा प्रकार. जवला म्हंजे बारकी कोलंबी, सुकली का टोपलीभराची सूपभर होते. माझे किस्से जेवढे सुकतात तेवढे वाढतात! एक काढायला जावं तर मिशीला मिशी अडकून चार वर येतात. त्यात चंद्रीचे तर इचारूच नको.

चंद्री म्हंजे माझ्या बहिनीची पोर. बहीन गेली, पोर माझ्याकडं आली. ही नव्वदीच्या आसपासची गोष्ट. आमच्या करावे गावाच्या एका अंगाला खाडी आन् बाकी सगलीकडं नव्या बिल्डिंगी. मधी हे एक मैदान उरलेलं, त्याच्यावर आमी बायका जवला सुकवायचो. आमच्यातल्या पोरी पंधराच्या झाल्या का कोलंबी सोलायच्या शेडमधी जायच्या. दिवसभर बरफात हात. माझी बोटं बघ. बहिनीची पन अशीच होती. मला देवाकडं एकच मागनं होतं, चंद्रीचे हात बरफात जाऊ नयेत.

देवानं ऐकलं. पन हाताचं बोलली तर त्यानं पाय दिले!

*

चंद्री आठ-नऊ वर्सांची असताना तिला मी जवला राखायला बसवायची. कुत्री यायची ना! हातात काठी दिली तर ही काठीनं खेलत बसायची, म्हनून काठी काढून घेतली. बोलली, "पायानं अडव. आन् कुत्र्याच्या तोंडाकडं बघू नको, तोंड फसवतं. कंबर बघ. कंबर वलली का कुत्रा तिकडंच जानार."

एक दिवस शालेतले देसाई सर तिथनं चालले होते. पोरींची फुटबॉलची टीम काढलेली त्यांनी, दहा पोरी मिलाल्या, अकरावी मिलेना. बघतात तर काय, एकटी चंद्री आन् समोर तीन कुत्री. अर्धा तास झाला, एकाला पन जवल्याचा दाना मिलाला नाय!

सर माझ्याकडं धावत आले. "मावशी, ही मुलगी मला डिफेंडर म्हणून द्या."

"डिफेंडर म्हंजे काय करायचं?"

"कुणाला पुढे जाऊ द्यायचं नाही."

"अवो, ते तर ती आताच करतेय! तुमच्याकडं कुत्री किती हायत?"

*

टीम झाली, पन मैदान कुठाय? मैदानावर आमचा जवला! बायका भडकल्या. सगल्यात जास्त भडकली गोदी. गोदी म्हंजे मार्केटात माझ्या बाजूला बसनारी. तीस वर्सं बाजूला बसतोय आन् तीस वर्सं भांडतोय.

शेवटी गोदीनंच नियम काढला. मधला पट्टा पोरींचा, कडेचा जवला आमचा. ज्या पोरीचा बॉल जवल्यावर पडंल तिनं गुडघ्यावर बसून सांडलेला सगला जवला येचायचा. एक-एक दाना!

पयल्याच दिवशी चंद्रीनं बॉल हानला तो थेट गोदीच्या जवल्यात. संध्याकालपरेंत येचत होती पोर. वर गोदी कमरेवर हात ठेवून उभी, "तो बघ, गवतात एक राह्यला!"

त्या दिवसापासनं चंद्री बॉल बाहेर मारायची बंद झाली. समोर कितीपन पोरी येऊ देत, ही बॉल पायात ठेवनार, इकडं वलनार, तिकडं वलनार आन् आपल्याच पोरीला देनार. सर वरडायचे, "अगं, डिफेंडर आहेस तू! धोका दिसला की बाहेर मारायचा!"

ती बोलायची, "सर, बाहेर गोदीमावशी हाय."

*

गोलाला जाली नव्हती. सर बोलले, शालेकडं पैसे नायत. मी बोलली, "जाली? कोलिनीला जाली इचारताय? मी विनते!"

आठ दिवस बसून विनली. अशी विनली का बघत राहा. पन मला जी जाली येते तीच विनली ना! आमची डोल, तोंडाला मोठी आन् मागं निमुलती होत-होत शेपटी, शेपटीला गाठ. गोलाच्या मागं पार वीस पावलांवर गेली शेपटी.

दिघ्याच्या पोरी मॅच खेलायला आल्या. पयला गोल झाला. बॉल आत गेला तो गेला! रेफ्री शिटी तोंडात धरून बघतोय, बॉल कुठाय? त्यांची गोलकीपर पोरगी आत शिरली बॉल काढायला, तिची वेनी अडकली. तिला काढायला दुसरी शिरली, तिचा बूट अडकला!

मी मागनं वरडली, "आमच्या डोलीत गेलेलं परत जात नाय! थांबा, गाठ सोडते!"

मंग दर गोलाला मी मागं जाऊन गाठ सोडायची, बॉल काढायचा, गाठ मारायची. दिघ्याचे सर हात जोडून बोलले, "मावशी, आम्ही हरलो असं लिहून देतो, पण आमची गोलकीपर द्या!"

*

ते ऑफसाइड मला कंदीच कललं नाय. सरांनी चार वेला समजावलं. दुसऱ्यांच्या मागं जाऊन आदीच उभं राह्यचं नाय, म्हने. मी बोलली, "तसं असंल तर मार्केटात गोदी रोज ऑफसाइड! गिऱ्हाईक माझ्याकडं यायच्या आदी ही पुढं उभी!"

गोदीला काय वाटलं कुनाला म्हाईत, पन तवापासनं ती मॅच बघायला लागली. रेफ्रीला शिव्या माझ्यापेक्षा जास्त तीच द्यायची.

*

मंग चंद्रीला पयले बूट आले. सरांनी दिले. त्या मानसाचं भलं होवो, सवताच्या पोराला जुने बूट घालून शालेत पाठवायचे. पन बूट कडक, पोरीच्या टाचा सोलल्या. मी बोलली, आन इकडं, नरम करते. होडीच्या लाकडाला आमी मासलीचा तेल लावतो, तोच लावला. दोन हात चोलून.

जिल्ह्याच्या मॅचला गेलो. चंद्री मैदानात आली आन् तिच्या मागनं गावची मांजरं! सात मोजली मी. समोरची मोठी खेलनारी, सगले बोलत होते का ही दोन गोल मारनारच. ती बॉल घेऊन चंद्रीजवल आली, नाकाला हात लावला आन् बॉल सोडून पलाली!

रेफ्रीनं इचारलं, "पायाला काय लावलंय?"

मी बाहेरनं वरडली, "औषध हाय!"

खोटं काय त्याच्यात? मॅच जिंकलो ना!

*

आता हसू नको, ऐक. चंद्री सोला पूर्न झालेली. तिच्या बरोबरच्या पोरी शेडमधी लागलेल्या, मुकादम आमच्या दारावरनं जाताना इचारायचा, "हिचं कदी?" मी त्याला रोज नवी थाप मारायची. थापा संपत आल्या होत्या.

एके दिवशी सकाली देसाई सर सायकल टाकून आले. एका कंपनीची पोरींची टीम होती, खेलायचा पगार देनारी. खेलायचा पगार, कलतंय का तुला? त्यांच्या मॅडम आज दुपारी येनार, मॅच बघनार, एक पोरगी घेनार. उद्या त्या परत जानार. "मावशी, हा एकच चान्स आहे."

मी मैदानावर पलाली. बघते तर मैदान लाल! रात्री होड्या भरून आल्या होत्या, मधला पट्टा पन भरलेला. चालीस बायकांचा जवला, अर्धा ओला. असा जवला उचलून टोपलीत भरला का आतनं गरम होतो, वास मारतो, मंग कोन घेतोय? आन् उचलून ठेवायचा कुठं? तीन बाजूंना बिल्डिंग, चौथीला चिखल.

मला खरं बोलायची सवय नाय. गोदीला जाऊन बोलली, "गोदे, दिल्लीवरनं साहेब येतोय. मैदानात जवला दिसला तर मैदान काढून घेनार!"

गोदीनं माझ्याकडं बघितलं. बोलली, "बरा." आन् हाक मारली, "उचला गो बायांनो!"

चालीस बायकांनी जवला उचलला. खाली ठेवला तर कुत्री, म्हनून टोपल्या डोक्यावर घेऊन मैदानाच्या चारी बाजूंनी उभ्या राह्यल्या. पांढरी रेघ आन् रेघेला लागून बायका.

मॅडम आल्या. मोठ्या बाई, गल्यात शिटी, डोल्याला काला चष्मा. मॅच सुरू झाली. समोर पनवेलकडच्या पोरी, तगड्या. सुटल्या का थेट चंद्रीवर! दुसरी कुनी असती तर दर वेलेला बॉल बाहेर हानला असता. पन बाहेर काय होतं? चालीस टोपल्या! चंद्री बॉल घेऊन वलतेय, दोघींच्या मधनं काढतेय, रेघेवर बॉल नाचवतेय, पन रेघ ओलांडू देत नाय. बायका टोपली धरून श्वास रोखून उभ्या. एकदा बॉल गोदीच्या पायाच्या इतभर पुढं आला, गोदीनं डोलेच मिटले. चंद्रीनं तलव्याखाली घेतला आन् गेली घेऊन!

मॅच संपली. एक पन टोपली पडली नाय.

मॅडमनी चष्मा काढला. "मी इतकी वर्षं डिफेंडर बघते. दोन तास ही मुलगी एकदाही बॉल बाहेर मारत नाही! हिला शिकवलं कुणी?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, मी गोदीकडं बघितलं, गोदी टोपली उतरवत होती. चंद्रीचं नाव मॅडमनी वहीत लिहिलं.

संध्याकाली जवला परत पसरताना गोदी माझ्या बाजूला बसली. "काय गो हिरे, दिल्लीचा साहेब कदी येतोय?"

मी खाली बघून जवला पसरत राह्यली.

"तू खोटं बोलतीस तवा पदर चावतीस. वीस वर्सं बघतेय मी. चंद्रीचं काम हाय, एवढं बोलली असतीस तरी उचलला असता."

त्या दिवसाचा जवला निम्मा वाया गेला. चालीस बायकांचा. एकीनं पन मला तोंडावर बोलून दाखवला नाय. मार्केटात बसून आयुष्यभर दुसऱ्याला टोपी घातली मी, पन त्या संध्याकाली मान वर करवली नाय माझ्याच्यानं.

*

चंद्री कंपनीत लागली. कुठं-कुठं खेलली, मला गावांची नावं पन येत नाय. दर रविवारी नाक्यावरच्या बूथवर फोन यायचा. बूथवाला मला हाक मारायचा, मी हातातला कोयता टाकून पलायची. ती एवढंच बोलायची, "मावशे, आज गोल होऊ दिला नाय." मी बोलायची, "हात बघ, सुकेच हायत ना?" ती हसायची. झाला फोन.

*

दहा वर्सं होत आली तवा तिचा गुडघा गेला. शेवटची मॅच, फायनल, मोठ्या स्टेडियममधी. त्याच्यानंतर त्याच कंपनीत ती पोरींना शिकवनार होती. तवा ती टीमची कॅप्टन झालेली. मला आन् गोदीला बोलावलं, घरच्यांच्या खुर्च्या अगदी रेघेजवल.

मी गोदीची जवल्याची टोपली बरोबर घेतली. गेटवर वॉचमननं अडवलं, "यात काय आहे?" मी बोलली, "वास घे, मंग इचार." लगेच सोडला!

टोपली मुद्दाम मांडीवर घेतली, रेघेच्या बाजूला. बघू तरी, पोर अजून घाबरते का!

एक गोलानं पुढं होतो. शेवटचं मिनिट. बॉल आमच्याच बाजूला, चंद्रीच्या पायात, आन् तीन जनी तिच्यावर सुटलेल्या. गुडघा असा का तिला वलता येईना. मॅडम वरडतायत, "चंद्रकला, बाहेर मार! बाहेर!"

चंद्रीनं मान वर केली. टोपली बघितली. मी बोट नाचवलं, खबरदार!

पोर हसली. आन् हानला! गोदीनं जवला येचायला लावल्यापासनं पयल्यांदा बॉल बाहेर, तो थेट माझ्या मांडीवरच्या टोपलीत! जवला साहेबांच्या डोक्यावर, पाहुन्यांच्या कोटात, सरबताच्या ग्लासात! आन् शिटी वाजली. जिंकलो!

सगल्या पोरी नाचतायत. वर स्टेजवर कप ठेवलेला, लाउडस्पीकर वरडतोय, "कॅप्टन चंद्रकला, स्टेजवर या! कॅप्टन चंद्रकला!"

चंद्री लंगडत आमच्यासमोर आली. गोदी उठली, कमरेवर हात ठेवले. बोलली, "चंद्रे, नियम!"

आन् चंद्री त्या मोडक्या गुडघ्यावर खाली बसली. आख्ख्या स्टेडियमसमोर. लागली येचायला. लाउडस्पीकर तीन वेला बोलला. मॅडम धावत आल्या, "अगं, हे काय चाललंय तुझं?"

चंद्रीनं वर पन बघितलं नाय. गोदी बोट दाखवत होती, "तो बघ, गवतात एक राह्यला!"

...

काय बघतेस माझ्या तोंडाकडं? ऊन उतरलं, जवला उलटायचाय मला. जा आता. आन् पाय उचलून जा!