रोवण्याची बंदिश

धानाच्या बांधीतल्या चिखलाचा वास आला की मला तो तरुण संगीतकार आठवतो. समाजाचं दुःख शास्त्रीय संगीतातून मांडणारा म्हणून त्याचा मोठा गवगवा होता, आणि कामठ्याला शेती करणाऱ्या माझ्या आत्याची एक कविता त्याने रागात बांधली होती. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी आत्याला गोंदियाच्या हॉलवर तालमीला घेऊन गेलो. तो डोळे मिटून 'रोवणा, रोवणा' असं इतकं कळवळून आळवत होता की आत्याने मला विचारलं, "हा कायले रडून राहिला?" मग तिने त्यालाच समजावलं, "बाबू, रोवणा म्हंजे धान लावणं, रडणं नाही. मालक चिखलात पडते अन् बाया त्याले हासतेत, असं गाणं हाये थे." तो मग मंद हसून म्हणाला, "मावशी, कविता एकदा लिहून झाली की ती कवीची राहत नाही. मला त्यात तुमची वेदना ऐकू येते." आत्या म्हणाली, "मले तं नाही येत." संध्याकाळी, अर्थ ठाऊक असूनही, तो बेशरमासारखा तसाच रडत गायला आणि पुढच्या रांगेतल्या साहेब लोकांनी रुमाल काढले. असल्या गाण्याला दाद देणाऱ्यांची मला आजही किळस येते. पण त्या दिवशी सगळा हॉल उभा राहिला तेव्हा आत्या एकटीच खुर्चीत बसून होती, आणि तिच्या शेजारी उभा राहून मीही टाळ्या वाजवत होतो.