बघायला निघालेला माणूस

ओरिंशाला अठ्ठावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट स्वच्छ आठवते. ती दहा वर्षांची होती. वडिलांबरोबर मेंढ्या वळत असताना आभाळ गडगडलं आणि क्षितिजापाशी एक रेघ वर चढत गेली. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही तळवे उघडे धरून पुटपुटत आशीर्वाद दिला आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. कोण चाललंय, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, कुणीही असो, कामाला निघालाय. त्याची वाट मोकळी राहो.

पुढं लग्न झालं, पाच मुलं झाली, नवरा सापार वारला, मुलं शहरात गेली. उलिताऊच्या डोंगरांपलीकडच्या त्या माळावर ओरिंशा, चाळीस मेंढ्या आणि एक म्हातारा कुत्रा एवढंच उरलं. अग्निबाणांचे रिकामे टप्पे याच माळावर पडत. त्यातल्याच एका पत्र्याचं सापारनं मेंढ्यांना पाणी पाजायचं कुंड केलं होतं. पूर्वी कुणी सांगायलाही येत नसे. अलीकडे मात्र आधी घर रिकामं करण्याचा कागद येई, त्यावर सही घेत, आणि उड्डाणाच्या दिवशी माणसांना गाडीत घालून चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत नेऊन बसवत. ओरिंशा दर वेळी जाई. रेघ दिसली की वडिलांसारखेच तळवे उघडी.

त्या वर्षी उड्डाण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरलं. मेंढ्या विण्याचे दिवस. सकाळी साडेनऊला येर्मेकची गाडी आली, तेव्हा ओरिंशा मेंढवाड्यात गुडघ्यांवर बसली होती. काळ्या तोंडाची मेंढी पहाटेपासून अडली होती. कोकरू आडवं होतं. आतून वळवून घ्यायला हवं होतं, पण वाट अजून पुरती उघडली नव्हती.

येर्मेक तिच्या चुलत दिराचा मुलगा, जिल्हा कचेरीत नोकरीला; थोरली म्हणून तो तिला आपा म्हणे. त्यानं बूट पुसले, आपाची तब्येत विचारली, मेंढ्यांची विचारली, आणि मग हळूच म्हणाला, की निघायला हवं.

"तासभर थांब," ती म्हणाली.

त्यानं गाडीतल्या बिनतारी यंत्रावर विचारून घेतलं. वीस मिनिटं मिळाली. मेंढीलाच गाडीत घेऊ, असंही त्यानं सुचवलं.

"या रस्त्यानं? तुझं पोट असं अडलं असतं तर बसला असतास गाडीत?"

मग येर्मेकनं खरं काय ते सांगितलं. टप्पे पडायच्या पट्ट्यात एक जरी माणूस राहिला तरी त्याला तसं कळवावं लागे, आणि उड्डाण थांबे.

ओरिंशानं हात धुतले. आज कोण चाललंय, ते तिनं विचारलं. दोन नेहमीचे अंतराळवीर होते, तिसरा कुठलासा मोठा व्यापारी.

"त्याचं काय काम आहे वर?"

"काम नाही, आपा. बघायला चाललाय. दहा दिवसांनी परत येईल."

ती बराच वेळ मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बघायला जाणं वाईट, असं तिला वाटत नव्हतं. ती स्वतः एकदा, एकदाच, समुद्र बघायला गेली होती. पण समुद्राला जाताना तिनं कुणाला घराबाहेर काढलं नव्हतं. आणि निघालेल्याची वाट अडवणं तर वडिलांच्या घरात शिकवलेलंच नव्हतं. इकडे मेंढी, तिकडे एक अनोळखी माणूस, आणि मधे वीस मिनिटं.

वीसातली पंधरा मिनिटं गेली. तिनं पुन्हा चाचपून पाहिलं. वाट उघडली नव्हती.

ती उठली, घरात गेली आणि कालची जाड रोटी घेऊन आली. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस रोटीचा एक घास तोडतो. उरलेली तो परत येईपर्यंत घरात टांगून ठेवतात, आणि मग त्यानंच ती संपवायची असते.

"माझ्या दारावरून चाललाय आणि माझी रोटी न चाखता? घे, चाव."

येर्मेक हसला. "मी कुठं चाललोय, आपा?"

"त्याच्या वतीनं सही घ्यायला येतोस ना? मग त्याच्या वतीनं चाव."

त्याचं हसू ओसरलं. त्यानं घास तोडला. ओरिंशानं रोटी फडक्यात बांधून खुंटीला लावली, कागदावर सही केली आणि मागं न बघता गाडीत बसली.

शाळेच्या अंगणात पोरांनी फोन वर धरले. रेघ चढली, गडगडाट आला. ओरिंशाचे हात मांडीवरच राहिले. सगळं शांत झाल्यावर, फार उशिरा, तिनं तळवे उघडले.

परतायला दुपारचे तीन वाजले. मेंढी गेली होती, कोकरूही. कुत्रा शेजारी बसून होता. येर्मेकनं टोपी काढली. भरपाईचा अर्ज आहे, असं काहीतरी तो म्हणू लागला. तिनं त्याला फावडं आणायला सांगितलं.

दहा दिवसांनी व्यापारी सुखरूप उतरल्याचं रेडिओवर आलं. दुसऱ्या दिवशी येर्मेक आपणहून आला. कडक झालेली रोटी दुधाच्या चहात भिजवून त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग त्यानं चाचरत पिशवीतून पुढच्या वर्षीचा कागद काढला. पुन्हा एप्रिल, पुन्हा कुणी बघायला जाणारा.

ओरिंशानं चष्मा लावला, कागद वाचला आणि उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं ठळक, सावकाश अक्षरात लिहिलं: "पंधरा मार्च ते तीस एप्रिल माझ्या मेंढ्या वितात. या दिवसांत मी घर सोडणार नाही. कामाला जाणारा असेल तर तसं सांगा, मी विचार करीन. बघायला जाणारा असेल तर त्यानं आधी इथं यावं."

"आपा, हे मी वर कसं देऊ?"

"जसा तो कागद मला देतोस, तसाच."

सहीची जागा तिनं कोरी ठेवली. येर्मेकनं कागदाची घडी केली, आतल्या खिशात ठेवली आणि गाडीकडे गेला. ओरिंशा बादली उचलून मेंढवाड्याकडे वळली. आणखी सहा मेंढ्या व्यायच्या होत्या.