शुगर लँडहून मक्का

इथे ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमच्या शेजारी रत्नागिरीचं एक कुटुंब राहतं. त्या घरातले अब्बा कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले; मी त्यांना सर म्हणायचो. गेल्या उन्हाळ्यात त्यांना स्ट्रोक आला, वाचा गेली, डॉक्टरांनी हात टेकले. मुलगा दूर समुद्रात, तेलाच्या रिगवर. हॉस्पिटलसारखा पलंग घरी आला तेव्हा सुनेनं मला बोलावलं.

"काका, शेवटच्या वेळी अब्बांचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे हवं. अ‍ॅप नॉर्थ-ईस्ट दाखवतंय. बरोबर आहे ना?"

मी नागपूरचा, पाइपलाइनी आखण्यात हयात गेलेली. 'माहीत नाही' हे उत्तर माझ्या तोंडून निघत नाही.

"अ‍ॅप गंडलंय," मी ठणकावलं. "मक्का ह्यूस्टनच्या खाली आहे. नकाशावर सरळ रेघ मार. साउथ-ईस्ट!"

ती बिचारी पलंग वळवू लागली. तोच सरांनी डावा हात कठड्यावर आपटला आणि टेबलावरच्या संत्र्याकडे बोट दाखवलं. सुनेनं संत्रं धरलं. डाव्याच हातानं त्यांनी पेननं त्यावर दोन ठिपके काढले, इकडे ह्यूस्टन, तिकडे मक्का. मग बोटानं हवेत रेघ ओढली. मी शिवणाच्या डब्यातला दोरा दोन ठिपक्यांमध्ये ताणून धरला. तो आपोआप वर, देठाकडे, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे सरकला. ह्यूस्टनहून तो ईशान्येलाच निघत होता.

धडधाकट असताना सर हे कितीदा सांगायचे! हजार वर्षांपूर्वी बगदाद, गझनीच्या विद्वानांनी गावोगावचा किब्ला काढण्यासाठी गोलावरच्या त्रिकोणांचं गणित उभं केलं, जिथे कधी पाऊल टाकणार नव्हते अशा गावांसाठीसुद्धा. मी 'हो हो' म्हणत चहा प्यायचो. मनात म्हणायचो, चार-दोन अंशांवरून देव थोडाच रागावणार आहे? त्या दिवशी सरांची तगमग पाहून माझी मलाच लाज वाटली. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे माणूस अंदाजे कसा बघेल?

आम्ही पलंग फिरवला. समोर गॅरेजची कोरी भिंत आली. सर तिच्याकडे बघत शांत पडून राहिले.

ते गेले तेव्हा मुलगा अजून एअरपोर्टवर होता. त्यानं मला फोन केला.

"काका, मी नाही पोचू शकलो." तो हमसून हमसून रडत होता. "तोंड बरोबर दिशेला होतं ना? शुअर?"

"शुअर, बाळा," मी म्हणालो. "अब्बांनी स्वतःच काढून दिली दिशा."