जुना मिळाला

आधी हात बाहेर यायचा. खिडकीच्या फळीवर, पंजा वर, बोटं पसरलेली. मग आतून आवाज, "जुना दे, नवा घे." तोंड सगळ्यात शेवटी दिसायचं, आणि डोळे लाल. नवीन माणसाला वाटायचं, हा आत बसून रडत होता की काय.

रडत नव्हते. अमोनिया होता तो.

आमच्या कारखान्यात ते प्रिंटरूम सांभाळायचे. त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही मास्तर म्हणायचो, शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं तरी. मोहोपाड्याच्या अलीकडं होता कारखाना. आता तिथं गंजका पत्रा आणि गवत आहे. मी तिथं फिटर होतो.

काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रसायनाच्या कारखान्यात पाइपांचं जंगल असतं. कुठल्या पाइपातून पाणी जातं, कुठल्यातून ॲसिड, व्हॉल्व्ह कुठं, जोड कुठं, हे सगळं कागदावर काढलेलं असतं. मूळ कागद आरपार दिसणारा, त्याला ट्रेसिंग म्हणतात. त्याच्यावरून मशीनवर नक्कल काढायची आणि अमोनियाच्या वाफेत धरायची, की जांभळ्या रेघा उमटतात. ती प्रिंट. फिटर प्रिंट घेऊन कामाला जातो. आता पाइप काय जन्मभर एका जागी राहत नाहीत. आज इकडून काढला, उद्या तिकडून जोडला. ट्रेसिंगवर दुरुस्ती होते. पण तुमच्या खिशातली कालची प्रिंट कालचंच सांगत राहते. ती खोटी झाली, हे तिला कळत नाही आणि तुम्हालाही नाही.

म्हणून मास्तरांचा नियम. जुनी प्रिंट परत केल्याशिवाय नवी नाही. परत आली की वहीत नंबरापुढं लिहायचे, "जुना मिळाला". मग ती चार तुकडे करून पाण्याच्या पिंपात बुडवायचे. नुसती फाडून चालत नसे. जाड, गुळगुळीत कागद, बायकांना फडताळात अंथरायला फार आवडायचा. माझ्या बायकोनंच मला दोनदा सांगून पाठवलं होतं.

"मास्तर, घरात मागतात हो दोन कागद."

"वैनीस्नी सांग, पेपर आंथर म्हनावं. डब्याखाली ॲसिडची लाइन कशाला?"

तयार प्रिंट ते कधी ठेवत नसत. दहा जणांना एकच ड्रॉइंग लागतं हे माहीत असलं, तरी दहा वेळा मशीन चालवायचे. लोक खिडकीपाशी बोंबलायचे. "मास्तर, गठ्ठा काढून ठेवा की एकदाच!" आतून उत्तर यायचं, "शिळं देत नाय मी." आणि प्रत्येक प्रिंटवर घेणाऱ्याचं नाव, तारीख, वाजले किती, हे स्वतःच्या हातानं लिहायचे. मग कागद एकदा उजेडाकडं धरून बघायचे, रेघ कुठं पुसट आली का. पुसट आली तर फाडायचे आणि पुन्हा काढायचे. तुम्ही उभे.

आत कुणाला घेत नसत. एकदा मुंबईहून नवा इंजिनियर आला होता, बूट कोरे. त्यानं ड्रॉइंगच्या नंबराची चिठ्ठी दिली आणि वर म्हणाला, "त्याच्या शेजारचं ड्रॉइंगपण देऊन टाका."

"नंबर?"

"नंबर नाही माहीत. शेजारचं हो."

"चिठ्ठीवर शेजार लिवलेला नाय, सायेब."

"मग मी आत येऊन बघतो."

"तुमी तिथंच बरं दिसता."

मग तो म्हणाला, प्रिंट राहू दे, ट्रेसिंगच द्या, संध्याकाळी आणून देतो. मास्तर शांतपणे म्हणाले, "नकला पन्नास मागा, काढून देतो. ट्रेसिंग ही आई हाय. ती घर सोडत नाय." रांगेतले आम्ही सगळे हसलो. साहेब चिडला, वर तक्रार केली. वरच्यांनी त्यालाच सांगितलं, नंबर लिहून जा.

असा माणूस. तुम्हीही कुठल्या तरी खिडकीमागं असा एखादा पाहिला असेल आणि मनातून शिव्या दिल्या असतील. मीही दिल्या.

आता माझं सांगतो. मला मराठी अक्षर जुळवून वाचता येतं. इंग्रजी येत नाही. प्रिंटवर सगळं इंग्रजी. कामाला लागताना मी हे लपवलं होतं. हातानं काम उत्तम करायचो, कुणाला शंका आली नाही. मी प्रिंटवर माझ्या खुणा करायचो. ॲसिडच्या लाइनीला विंचू, वाफेला चूल, पाण्याला घडा. खुणांचा कागद हातात असला की मी कुणाला हार जात नसे. पण नवी प्रिंट आली की मी आंधळा. मग कुणाकडून तरी गप्पा मारत मारत काढून घ्यायचं, ही लाइन कसली, ती कसली.

एकदा मी जुनी प्रिंट परत दिली. मास्तर फाडायला गेले आणि थांबले. विंचवाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. माझे कान तापले.

"ह्यो इच्चू कुनी काढला?"

"मी."

"नांगी उलटी काढलीस रं."

बस. एवढंच बोलले. जेवणाच्या सुट्टीत मला खिडकीशी बोलावलं. जुनी आणि नवी शेजारी ठेवून, तांबड्या पेन्सिलीनं माझे विंचू, माझ्या चुली नव्या प्रिंटवर उतरवून दिल्या. नांगी सरळ करून. त्यांचा डबा तसाच झाकलेला. त्यानंतर दरवेळी. चार-पाच वर्षं त्या माणसानं माझ्यासाठी विंचू काढले आणि फोरमनला, कुणालाच, कधी कळू दिलं नाही.

मग ते मोठं बंद आलं. वर्षातून एकदा कारखाना थांबवून सगळी दुरुस्ती करतात. खिडकीपुढं ही रांग. माझ्या लाइनीत दुरुस्ती झालेली, म्हणून नवी प्रिंट घ्यायची होती. मास्तरांना विंचू काढायला वेळ कुठला? मी खाली वाकून म्हटलं, "मास्तर, जुनी आजच्या दिवस राहू द्या. मी जेवताना बघून बघून खुणा करतो. सांजच्याला आणून देतो."

हात फळीवर तसाच राहिला, पंजा वर. मागून लोक ढकलत होते. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आणि हात आत घेतला.

"सांजच्याला. इसरू नगंस. दिस सरायच्या आत वही सायबाकडं जाते, मी लिवून ठिवतो."

माझ्यासमोर त्यांनी लिहिलं. जुना मिळाला.

संध्याकाळी मी गेलो नाही. खुणा उतरवल्या होत्या, पण माझ्या हातानं त्या वाकड्यातिकड्या आल्या. जुन्या कागदावर मास्तरांचे विंचू होते. तळहातासारखा ओळखीचा होता तो. म्हटलं, राहू दे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच फाडला, पाण्यात बुडवला. खोटं बोललो. तो माझ्या हत्यारांच्या पेटीत होता.

पंधरा दिवसांनी, सकाळच्या पाळीला, मी आणि माझा जोडीदार, चौक गावचा, एक जोड उघडायला गेलो. मी पेटीतून कागद काढला. जुना. माझ्या कागदावर त्या लाइनीला घडा होता. दुरुस्तीनंतर तीच लाइन ॲसिडला जोडली होती. नव्या कागदावर तिथं विंचू होता, मीच काढलेला, वाकडा. मी नवा बघितलाच नाही. जोडीदाराला म्हटलं, "खोल बिनधास्त. पानी हाय."

त्यानं पाना लावला.

पुढचं मी लांबवत नाही. जोडीदार जगला. एक डोळा गेला, मान आणि हात भाजला. शॉवरखाली त्याला मीच धरून उभा होतो. तो ओरडत होता, "पानी म्हनलास तू! पानी म्हनलास!"

प्रिंट तिथंच पडलेली सापडली. त्यावर माझं नाव, तारीख, वेळ, मास्तरांच्या अक्षरात. वहीत त्याच नंबरापुढं, जुना मिळाला, तेही मास्तरांच्या अक्षरात. चौकशीला टेबलामागं तीन साहेब बसले. मला विचारलं, "ही प्रिंट तू परत दिली होतीस का?"

मास्तर शेजारी उभे होते, हात मागं बांधून.

मी म्हटलं, "व्हय सायेब. दिलेली."

म्हणजे अर्थ काय झाला, बघा. परत आलेली प्रिंट मास्तरांनी फाडली नाही आणि ती खिडकीतून पुन्हा बाहेर गेली. मी वाचलो.

साहेबांनी त्यांना विचारलं, "मग ही बाहेर कशी आली?" मास्तर म्हणाले, "वहीत लिवलंय ते माझ्या हातचं हाय. दुसरं मला सांगायचं नाय." तीनदा विचारलं. तीनदा तेच.

त्यांना खिडकीवरून काढलं, गेटवर ट्रक मोजायला बसवलं. उन्हात. ते काम लाल डोळ्यांचा माणूस कसं करणार? दीड महिन्यात नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. बोलायचं काय ते ठरवून गेलो होतो. पण आधी मास्तरच बोलले.

"मी हातानं खोटं लिवलं. त्याचं मला मिळालं. तुझं तू बघ."

एसटी आली, ते गेले. पळसदरीला त्यांचं घर होतं.

घरी मी बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"आनि दिलेली का खरंच?"

"नाय."

"मंग जा आनि सांगा."

"सांगितलं तर नोकरी जाईल. इंग्रजी वाचता येत नाय हे बी निघंल. पोरांना काय घालशील?"

तिनं सूप पुन्हा उचललं. मला वाटलं, पटलं. पटलं नव्हतं. वर्षातून दोनदा तरी विषय काढायची. भांडून नाही. भाकरी थापता थापता म्हणायची, "पळसदरी लांब हाय का हो लई?" मी उठून बाहेर जायचो. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, मी रिटायर झालो, कारखाना बंद पडला. आता माझी नोकरी घेणारं कुणी उरलं नव्हतं. तरी मी गेलो नाही. आजारपणात एकदा म्हणाली, "मी गेल्यावर तुमाला टोचायला कोन हाय? मंग तर तुमी जानारच नाय."

मागच्या पौषात ती गेली. घरात दोन भांडी उरली, एक माझं आणि एक तिचं, मी दोन्ही आलटून पालटून वापरतो. कुणी टोचत नाही. म्हणून उठलो आणि गेलो.

कर्जतच्या पुढचंच स्टेशन. उतरून विचारलं तर पोरासोरांनीही घर दाखवलं. ओटीवर म्हातारी वाल सोलत बसली होती, मास्तरांची बायको. मी म्हटलं, मास्तर आहेत का? ती म्हणाली, "ते जाऊन दोन वर्सं झाली. तुमी कोन?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं. तिनं मला बसायला घोंगडी टाकली, आत जाऊन चहा करून आणला. कशीबशी जागा सापडावी तसा मी ओटीच्या कडेला बसलो होतो. ती म्हणाली, शेवटी त्यांना दिसत नव्हतं. कागद हातात आला की बोटानं चाचपायचे, रेघा लागतात का म्हणून. मग म्हणाली,

"तुमच्या तिथनं कोन आलं नाय कधी. तुमी आलात, बरं झालं. येक इचारू? त्यांची काय चूक झाली हुती? मला त्यांनी कधी सांगितलं नाय. लोक म्हनायचे, मानूस आंधळा झाला त्यांच्यापायी. मी कुनाला काय सांगनार?"

तेव्हा मी सांगितलं. पहिल्यापासून. विंचू, घडा, पेटी, साहेब, सगळं. मध्ये थांबलो नाही. ती वाल सोलत राहिली. मी संपवलं तरी तिचे हात चालूच होते. टोपली रिकामी झाली तेव्हा वर बघितलं.

"पळसदरीला गाडी थांबते," ती म्हणाली. "ते जित्ते होते तवाबी थांबायची."

टरफलं पदरात घेऊन ती मागल्या दारी गेली. मी वाट बघितली. परत आली नाही.

आमच्या लहानपणी गावात आम्हाला चहा मिळाला तर बाहेर मिळायचा, आणि कप आपला आपण धुऊन पालथा घालावा लागायचा. आम्ही बौद्ध झालो त्या साली माझ्या बापानं सांगितलं, आता कुणाच्या दारात कप धुवायचा नाही. त्यानंतर मी कधी धुतला नव्हता. कारखान्यात नाही, पाहुण्यात नाही, कुठंच नाही. आणि त्या बाईनं सांगितलंही नव्हतं.

रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं. कप धुतला, ओटीवर पालथा घातला, आणि स्टेशनकडं चालू लागलो.