शिळी प्रत ठेवू न देणाऱ्या सुभद्राअक्का

आमच्या सुभद्राअक्कांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्तच्या ग्रंथात चार शब्द लिहिण्याचं काम माझ्यावर आलं आहे. मी जात्याच घोर लावून घेणारा माणूस. चारांतला एखादा शब्द चुकला तर अक्का काय म्हणतील, या धास्तीतच सुरुवात करतो.

सोलापूरहून नोकरीसाठी चेन्नईला आलो, तेव्हा गिंडीतल्या आमच्या कार्यालयात अक्का प्रमुख होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलाशी येऊन विचारलं, "घरीं कोण कोण अहांत?" तंजावरी मराठी, त्यात तमिळ हेल, मला वाटलं, चौकशीच लागली मागे. पुढे कळलं, नव्या माणसाच्या घरचं दुखलंखुपलं त्या लक्षात ठेवतात.

आम्ही एका रुग्णालयासाठी संगणकप्रणाली बनवतो. नर्सने पेशंटचं नाव दाबलं की ब्राउझरमध्ये रक्ताचा ताजा रिपोर्ट दिसला पाहिजे. पण ब्राउझरची एक खोड आहे. एकदा आणलेलं पान तो स्वतःजवळ ठेवतो आणि पुन्हा मागितलं की कधीकधी सर्व्हरला न विचारता तेच पुढे करतो. चित्रं अशी ठेवली तर वेळ वाचतो. रिपोर्टाचं तसं नाही.

मागच्या वर्षी माझे वडील अण्णा नगरच्या त्याच रुग्णालयात दाखल झाले. जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घटलं होतं. सकाळी ते सलाइनमधून दिलं आणि "दुपारचा रिपोर्टही कमीच आला तर आणखी एक बाटली लावा," असं डॉक्टर सांगून गेले. मन चिंती ते वैरी न चिंती. मी नुसता येरझारा घालत होतो. दुपारी अक्का डबा घेऊन आल्या. त्यात उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं डांगर होतं. रसमभाताला कंटाळलेले बाबा म्हणाले, "हे तर आपलंच की." एवढ्यात नर्सने संगणकावर रिपोर्ट उघडला. आकडा कमीच होता. ती बाटली घेऊन आली.

अक्का पडद्यापाशी गेल्या. रिपोर्टावर वेळ सकाळची होती. "थांबा अम्मा," त्या नर्सला तमिळमध्ये म्हणाल्या, "आधी लॅबला फोन करा." लॅबने सांगितलं, पोटॅशियम आता वर गेलं आहे. आणखी एका बाटलीने बाबांचं हृदय थांबू शकलं असतं. नर्सने बाटली परत नेली. अक्कांनी मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात अक्कांचा कोणावरही आवाज चढला नाही. प्रणाली तपासून झाली होती, मग ब्राउझर सकाळचाच रिपोर्ट दाखवतो हे आम्हांला दिसलं का नाही, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर लाजिरवाणं होतं. आमच्या धंद्यातली माणसं ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडून, प्रती ठेवण्याची सोय बंद करूनच कामाला बसतात. त्यामुळे शिळं पान आमच्या वाट्याला कधी येतच नाही.

"तुमी आपल्यापुरतं ताजं खाऊनलेट अहांत," अक्का म्हणाल्या. खाऊनलेट म्हणजे खात.

एकाने सुचवलं, प्रत्येक वेळी पान ताजं करून घ्यायला नर्सना सांगू.

"त्यांनी आठवण ठेवायची, आपण विसरायचं? नोको."

पेशंटविषयीच्या प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हरनेच 'नो-स्टोअर', म्हणजे ही प्रत ठेवू नकोस, असं बजावायचं, हे त्यांनी ठरवलं. पण आधीच साठलेल्या प्रतींचं काय? हा घोर अर्थात मलाच लागला होता. अक्कांनी रिपोर्ट मागवायचा पत्ताच बदलायला लावला, म्हणजे जुन्या पत्त्यावरच्या प्रती कोणी मागणारच नाही. मग त्या वॉर्डात गेल्या आणि कळफलकाला हात न लावता नर्सच्या मागे उभ्या राहिल्या. तेव्हापासून असं उभं राहून पाहिल्याशिवाय आमचं कोणतंही काम पुरं होत नाही.

अक्का आता निवृत्त होत आहेत. पुढे असं काही निसटलं तर कोण थांबवील, या विचाराने मला झोप लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या. "भीतांत म्हणूनच तुमी पाहाल," म्हणाल्या. माझ्या भित्रेपणाचं कौतुक आजवर दुसऱ्या कोणीही केलेलं नाही.

अक्कांना निरोगी, निवांत आणि भरभरून आयुष्य लाभो, हे आम्हां सगळ्यांचं मागणं आहे. तुमच्या वतीने काय लिहू, असं मी बाबांना विचारलं. ते ताटावर बसले होते. भाकरीचा घास मोडत म्हणाले, "लिही, की मी जेवतोय."