डाव्या कुशीवर

ऊस तोडणाऱ्या बायकांचं पोट कडकच लागतं, असं मी समजून चालले होते. आष्टीकडच्या एका लहान दवाखान्यात मी सोनोग्राफी करते. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि निघायच्या सकाळी आमच्याकडे रांग लागते.

ती बाई आली तेव्हा बाहेर ट्रॅक्टर उभा होता. पहाटेपासून पोटात दुखत होतं. कापूस वेचताना अंग दुखतं म्हणून ती रोज उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खायची. नवरा दाराशी थांबला होता. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ती राहिली तर त्यालाही कुणी नेलं नसतं.

पोट कडक लागलं, ते मी मनावर घेतलं नाही. मी प्रोब ठेवला. यकृताच्या पुढं एक पांढरी चकचकीत रेघ दिसली. आतड्यातला वायू समजून मी ती दाबून बाजूला सारत राहिले. रेघ हटेना. अशा गोळ्यांनी जठराला भोक पडून हवा पोटात सुटली तर अशीच दिसते, आणि पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं की सरकून यकृताच्या उजव्या बाजूवर येते. मला हे तोंडपाठ होतं. वळवायला गेले तर ती कण्हली.

"राहू द्या म्याडम, लई दुखतंय तिला," नवरा म्हणाला.

मला दया आली. ती दया काय चुलीत घालायची? मी रिपोर्टात वायू लिहिलं आणि त्यांना जाऊ दिलं.

ती कारखान्याच्या वाटेवरच वारली. हे कळलं तेव्हा मी दुसऱ्या पेशंटच्या पोटाला जेल लावत होते. तशीच लावत राहिले. दुपारी जेवलेही. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही, आणि त्याचाच राग येतो.

यंदा तिचा नवरा परत आला. सोबत लग्नाला आलेली पोरगी. आता ती बापाबरोबर कोयत्याला जाते. तिच्या पोटात कळ येत होती. पोट मऊ होतं. तरी मी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि बराच वेळ बघत बसले. हवा नव्हती. तसं सांगितलं.

तो माझ्या हाताकडं बघत होता.

"हिच्या आईला कावून न्हाई वळवलं, म्याडम?"

तुम्हीच नको म्हणालात, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्याआधी तोच हळू म्हणाला, "मीच राहू द्या म्हनलतो, न्हाई का."

मी पोरीच्या पोटावरचं जेल पुसलं. त्याचं म्हणणं तसंच राहू दिलं.